पाणी जाऊ द्या, वायू राहू द्या

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी सभेतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर गाणी होतात, नाटकं होतात, पाककृतींची स्पर्धा होते. आज कार्यकारिणीने एका मेंटेनन्सवाल्याला माइकसमोर उभं केलं आहे, तेव्हा जे काही होईल त्याची जबाबदारी कार्यकारिणीची! विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारलं, "टाकीच्या बुडाशी साचलेलं पाणी काढायचा नळ, त्यावर पाऊण तास काय बोलणार?"

प्रश्न रास्त आहे. पण बघा, इथे बसलेल्या बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी रुवैसला, हबशानला, दास बेटावर, जबल अलीला किंवा शारजाच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये नोकरी करतं. आपल्यापैकी कितीतरी जण चेंबूर, थळ, उरण, नागोठणे इथल्या कारखान्यांत शिकून मग इकडे आले. या सगळ्या ठिकाणी दाबाखाली ठेवलेला वायू असतो, आणि जिथे दाबाखाली वायू तिथे तळाशी पाणी किंवा तेलकट द्रव साचतोच. त्याला आम्ही कंडेन्सेट म्हणतो. तो बाहेर काढणारा ड्रेन व्हॉल्व्ह हा प्लांटमधला सगळ्यात स्वस्त, सगळ्यात खाली बसवलेला आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. हा व्हॉल्व्ह कसा चालतो हे कॅटलॉगमध्ये छापलेलं असतं. तो कसा बिघडतो, बिघडल्यावर उघडा राहतो की बंद, आणि त्या वेळी त्याच्यासमोर कोण उभा असतो, हे मात्र आपणच विचारायचं असतं.

पाणी येतं कुठून?

ऑगस्ट महिन्यात मॉलमधून बाहेर पडलं की चष्म्यावर धुकं येतं, हा अनुभव सगळ्यांचा आहे. घरातला एसी दिवसभर नळीतून पाणी टाकतो, तेही आपण बघतो. हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होते, एवढीच गोष्ट. कॉम्प्रेसरमध्ये हेच घडतं, पण जोरात. ओला टॉवेल पिळावा तशी हवा पिळली जाते.

थोडा हिशेब करू, घाबरू नका! आपल्याकडे समुद्रकाठी ऑगस्टमधल्या रात्री तापमान ३५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के सहज असते. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ३२ ग्रॅम वाफ असते. कॉम्प्रेसरने ७ बार दाब दिला की आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली जाते, म्हणजे अडीचशे ग्रॅम वाफ एका जागी आली. दाबताना हवा तापते, म्हणून ती पुढे कूलरमधून ४५ अंशांपर्यंत थंड करतात. त्या तापमानाला एक घनमीटर हवेत जेमतेम ६५ ग्रॅम वाफ मावते. उरलेली जाणार कुठे? पाणी होऊन तळाशी.

मिनिटाला दहा घनमीटर हवा ओढणारा मध्यम आकाराचा कॉम्प्रेसर घेतला, तर तासाला सुमारे १४ लिटर पाणी निघतं. दिवसरात्र चालला तर ३३५ लिटरच्या आसपास. आपल्या घरच्या डिस्पेन्सरवर जी पाच गॅलनची बाटली उलटी ठेवतो ना, तशा सतरा-अठरा बाटल्या. एका दिवसात, एका कॉम्प्रेसरमधून! नाशिकला किंवा पुण्याला जानेवारीत हाच कॉम्प्रेसर याच्या काही अंशानेच पाणी देईल. म्हणूनच थंड देशातला ड्रेन जसाच्या तसा इथे लावला की पहिल्याच उन्हाळ्यात तो कमी पडतो.

हे पाणी काढलं नाही तर? रंगाच्या वर्कशॉपमध्ये गाडीच्या रंगावर फोड येतात. रिफायनरीत शेकडो व्हॉल्व्ह दाबाच्या हवेवर उघडतात आणि मिटतात, त्यांच्या बारीक नळ्यांत गंज अडकतो. बस थांब्यावर आली की मागून 'फुस्स' असा आवाज येतो, तो पुष्कळदा ब्रेकच्या हवेतलं पाणी बाहेर टाकल्याचा असतो. ब्रेकच्या टाकीत हवेऐवजी पाणीच भरलं तर काय होईल, ते मी सांगायला नको.

आता जरा खुलासा. आखातात 'कंडेन्सेट' शब्दाचा दुसराही अर्थ आहे. विहिरीतून नैसर्गिक वायू वर आला की त्यातले जड घटक थंड होऊन हलक्या पेट्रोलसारखा द्रव तयार होतो. शारजाचं सजा क्षेत्र १९८० साली सापडलं, ते अशाच वायू आणि कंडेन्सेटचं. हा द्रव टाकाऊ नाही, विकला जातो. पण वायूच्या यंत्रात तो नको तिथे पोचला तर पाण्याइतकाच घातक. वायू दाबला जातो, द्रव दाबला जात नाही. द्रवाचा लोट कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर आतले भाग तुटतात.

व्हॉल्व्हला कळतं कसं?

घरातला प्रेशर कुकर बघा. शिट्टी वाफ सोडते आणि पाणी आत ठेवते. आमच्या ड्रेन व्हॉल्व्हचं काम बरोबर उलटं: पाणी सोडायचं, वायू आत ठेवायचा. आता दाराशी पाणी उभं आहे की वायू, हे त्या बिचाऱ्या लोखंडाला कळणार कसं? या एका प्रश्नाची जेवढी उत्तरं, तेवढे व्हॉल्व्हचे प्रकार.

पहिलं उत्तर: माणसाचा कान. साधा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह. उघडला की आधी पाण्याचा गडगडाट, मग फसफस, मग वायूची शीळ. शीळ ऐकली की बंद. याच्याइतका हुशार सेन्सर अजून कोणी बनवलेला नाही. पण माणूस दमतो, त्याला सात टाक्या फिरायच्या असतात, मग तो व्हॉल्व्ह 'थोडासा' उघडा ठेवून जातो. तीन मिलिमीटरच्या भोकातून ७ बारची हवा सतत गेली तर ती पुन्हा भरायला साधारण साडेतीन किलोवॅट वीज लागते. वर्षाला सुमारे ३० हजार युनिट. 'थोडासा' म्हणजे एवढा!

दुसरं उत्तर: तरंगणारा गोळा, म्हणजे फ्लोट. आपल्या गावाकडच्या टाकीतला बॉल कॉक आठवा. पाणी चढलं की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. इथे पाणी चढलं की गोळा वर येतो आणि भोक उघडतं. वीज नको, माणूस नको. मग सगळीकडे हाच का वापरत नाहीत?

कारण दाब. भोक पाच मिलिमीटरचं असेल तर ७ बारला त्याच्या झाकणावर दीड किलोच्या आसपास जोर असतो. दहा सेंटिमीटरचा स्टीलचा गोळा पाण्यात फार तर अडीचशे-तीनशे ग्रॅमचा जोर लावतो. तरफेने तो दहापट केला की झाले अडीच-तीन किलो. काम भागलं. पण वायूच्या लाइनमध्ये ७० बार असतात. झाकणावर चौदा किलो! गोळ्याला ते उचलत नाही. मग भोक दोन मिलिमीटरचं करायचं. जोर आला दोन किलोवर, पण दोन मिलिमीटरचं भोक गंजाच्या एका खपलीने बंद होतं. बरं, तळाशी पाण्याऐवजी हलकं हायड्रोकार्बन असेल तर तोच गोळा जेमतेम साठ-सत्तर ग्रॅमचा जोर लावतो. आणि जास्त दाब सोसायला गोळ्याचा पत्रा जाड करावा, तर गोळाच जड होतो. चारी बाजूंनी कोंडी. मग शहाण्यांनी युक्ती काढली: गोळ्याने फक्त एक बारीक भोक उघडायचं, आणि त्यातून गेलेल्या दाबाने मोठा व्हॉल्व्ह ढकलायचा. मालक कुजबुजतो, नोकर दार उघडतो, तसं.

फ्लोटची आणखी एक गंमत आहे, आणि ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. नरसाळं बाटलीच्या तोंडात घट्ट बसवून तेल ओतलं की ते अडकतं. आतली हवा बाहेर पडायला वाट नसते. आपण नरसाळं जरा उचलतो, की तेल खाली जातं. तसंच टाकीखाली ट्रॅप बसवला आणि त्यातल्या वायूला वर परतायची नळी दिली नाही, तर पाणी खाली उतरतच नाही. ट्रॅप उत्तम, किंमत उत्तम, आणि टाकी पाण्याने भरलेली! मग कंपनीला पत्रं जातात की तुमचा माल खराब. खरा उपाय म्हणजे ट्रॅपच्या डोक्यापासून टाकीपर्यंत एक बारीक नळी. तिला बॅलन्स लाइन म्हणतात.

तिसरं उत्तर: उलटी बादली. फुलपात्र उलटं करून पाण्यात दाबा, ते वर येऊ बघतं. वायू शिरला की बादली तरंगते आणि भोक बंद करते. पाणी आलं की ती बुडते आणि भोक उघडतं. बिचारी कचरा पुष्कळ सोसते. पण आत आधी थोडं पाणी असावंच लागतं. ते गेलं तर ती तळाशी बसते आणि वायू मोकाट सुटतो.

वाफेच्या लाइनमध्ये उष्णतेवर चालणारे ट्रॅपही चालतात, कारण ताजी वाफ आणि गार होत आलेलं पाणी यांच्या तापमानात फरक पडतो. हवा आणि तिच्यातलं पाणी मात्र एकाच तापमानाला असतात, म्हणून ते ट्रॅप इथे उपयोगाचे नाहीत.

चौथं उत्तर: घड्याळ. दर दहा मिनिटांनी पाच सेकंद उघडायचं. हा व्हॉल्व्ह आंधळा आहे. ऑगस्टमध्ये लावलेली वेळ जानेवारीतही तीच राहते, मग पाण्याऐवजी हवाच फुंकली जाते. आणि जानेवारीत लावलेली वेळ ऑगस्टमध्ये राहिली तर टाकी भरते. वर्षातून दोनदा तरी वेळ बदलायला हवी. कोण बदलतं?

पाचवं उत्तर: विजेचा सेन्सर. पाण्याचा आणि हवेचा विद्युत गुणधर्म फार वेगळा. ज्याला डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणतात तो हवेचा १, पाण्याचा ८० च्या घरात. सेन्सरला पाणी लगेच ओळखू येतं, तो पाण्यापुरतंच उघडतो आणि अडकला तर धोक्याची घंटा देतो. पण हायड्रोकार्बनचा हाच आकडा २ च्या आसपास. पाण्यासाठी लावलेला सेन्सर तेलकट कंडेन्सेटकडे बघून म्हणतो, "इथे तर काहीच नाही!"

आता या सगळ्यांना आपला प्रश्न विचारा: बिघडल्यावर काय होतं? गोळ्याला भोक पडलं तर तो बुडतो, व्हॉल्व्ह बंद राहतो आणि पाणी गुपचूप साचतं. बादलीतलं पाणी गेलं तर व्हॉल्व्ह उघडा राहतो, पण आवाज होतो, लक्षात येतं. घड्याळवाल्यात कचरा अडकला तर तो उघडा राहतो, कॉइल जळली तर बंद. सेन्सरवाल्याची वीज गेली तर बंद. हवेच्या टाकीवर उघडं राहणं म्हणजे बिलाचा प्रश्न. ज्वलनशील वायूवर उघडं राहणं म्हणजे जिवाचा प्रश्न. म्हणून एका ठिकाणी चांगला ठरलेला व्हॉल्व्ह दुसऱ्या ठिकाणी चांगला असेलच असं नाही.

पाणी संपलं, पुढे वायू

मोठ्या प्लांटमध्ये पातळी मोजणारं यंत्र असतं आणि ते व्हॉल्व्हला हुकूम देतं. उच्च दाबाच्या भांड्यातला द्रव कमी दाबाच्या भांड्यात सोडायचा असतो. तो द्रव म्हणजे दोन भांड्यांमधलं बूच. ते संपलं आणि व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर मागून वायू येतो.

स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथ रिफायनरीत २२ मार्च १९८७ रोजी हेच झालं. वरच्या भांड्यात १५५ बार, खालचं भांडं सुमारे ९ बारसाठी. द्रव संपला, वायू घुसला, खालचं भांडं फुटलं, एका कामगाराचा जीव गेला. पातळी फार खाली गेली की व्हॉल्व्ह आपोआप बंद करणारी ट्रिप तिथे होती, पण ती काही वर्षांपूर्वीच तोडून ठेवली होती. पातळी मोजणारं यंत्र आणि संकट ओळखणारं यंत्र वेगवेगळं हवं, आणि दुसऱ्याला कोणी हात लावायचा नाही, असं आम्ही म्हणतो ते उगीच नाही.

वाळवंटात बर्फ

बाहेर ४६ अंश तापमान आहे आणि ड्रेन व्हॉल्व्हवर बर्फ जमलाय, हे दृश्य नव्या मुलांना खरं वाटत नाही. दाब एकदम उतरला की नैसर्गिक वायू गार होतो, दर बारला साधारण अर्धा अंश. ७० बारवरून बाहेरच्या दाबाला आला तर ३० ते ३५ अंशांचा फरक. शिवाय पाणी आणि वायू दाबाखाली एकत्र आले की बर्फासारखा घट्ट पदार्थ तयार होतो, त्याला हायड्रेट म्हणतात. तो शून्याच्या बराच वर, पंधरा अंशांनाही होऊ शकतो. व्हॉल्व्ह तुंबतो. मग ऑपरेटर काय करतो? आणखी उघडतो. आणि इथेच गोष्ट बिघडते.

४ जानेवारी १९६६, फ्रान्समधल्या लिऑन शहराजवळची फेझँ रिफायनरी. पहाटेची वेळ. प्रोपेनच्या गोल टाकीच्या तळातून पाणी काढायचं होतं. खाली एकामागे एक दोन व्हॉल्व्ह. नियम असा की आधी वरचा पूर्ण उघडायचा आणि खालच्याने प्रवाह कमी-जास्त करायचा. कारण गारठा जिथे प्रवाह आवळला जातो तिथेच धरतो. खालचा गोठला तरी वरचा बंद करता येतो. त्या दिवशी खालचा आधी उघडला आणि वरच्याने प्रवाह सांभाळणं चाललं होतं. मध्येच प्रवाह थांबला. वरचा आणखी उघडला गेला, तुंबलेलं एकदम सुटलं आणि प्रोपेनचा झोत बाहेर आला. वरच्या व्हॉल्व्हचं हँडल निघालं, ते परत बसेना. खालचा गोठल्यामुळे हलेना. वायूचा ढग जमिनीलगत सरकत रस्त्यापर्यंत गेला. सुमारे १६० मीटरवरच्या एका मोटारीमुळे पेट घेतला असं मानतात. दीडेक तासाने टाकी फुटली. १८ माणसं गेली, त्यांत आग विझवायला आलेले जवान होते.

नळ तोच, टाकीच्या बुडाचं पाणी काढायचा.

त्यानंतर जगभर अशा टाक्यांचे ड्रेन बदलले. दोन व्हॉल्व्हमध्ये पुरेसं अंतर ठेवायचं, म्हणजे एकाचा गारठा दुसऱ्याला लागणार नाही. दुसरा व्हॉल्व्ह लहान मापाचा घ्यायचा. तोंड टाकीखालून लांब आणि ऑपरेटरला दिसेल असं काढायचं. हँडल काढता न येणारं हवं. आणि शेवटचा व्हॉल्व्ह स्प्रिंगचा ठेवायचा, हात सोडला की मिटणारा. याला इंग्रजीत 'डेड मॅन' व्हॉल्व्ह म्हणतात. नाव अभद्र आहे, पण काम जीव वाचवायचं.

याच स्प्रिंगच्या व्हॉल्व्हचं हँडल तारेने बांधून ठेवलेलं मी पाहिलं आहे. कुठे ते सांगत नाही. सेफ्टीवाल्यांनी त्या हेल्परला झापलं. मी त्याला विचारलं, "का बांधलंस बाबा?" तो म्हणाला, "साब, बीस मिनट पकडना पडता है, धूप में।" म्हणजे ड्रेनची नळी इतकी बारीक की वीस मिनिटं लागणार, वर सावली नाही, हँडल तापलेलं. या देशात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे तो याच उन्हामुळे. पण साडेतीनला ऊन कुठे जातं? त्या जागी पत्र्याची सावली केली, टाकीचं पाणी दिवसातून एकदाऐवजी तीनदा काढायचं ठरवलं, म्हणजे एका वेळी सहा-सात मिनिटांत काम आटपू लागलं. तार आपोआप गेली. डिझाइन करणाऱ्याने हँडल धरून उभ्या राहणाऱ्या माणसाचा विचार केला नाही, की तो माणूस आपलं डिझाइन स्वतः करून घेतो.

पाणी काढलंच नाही तर?

२७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातल्या नगरम गावात गेलची वायुवाहिनी फुटली. वीसहून अधिक माणसं गेली. कोरड्या वायूसाठी असलेल्या पाइपमधून ओला वायू जात होता, त्यातल्या पाण्याने पाइप आतून खाल्ला गेला. त्याआधी १९ ऑगस्ट २००० रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या कार्ल्सबाडजवळ असाच आतून गंजलेला पाइप फुटला आणि नदीकाठी तंबू ठोकून राहिलेल्या एका परिवारातली १२ माणसं गेली. तिथे द्रव गोळा करायची जागा, ज्याला ड्रिप म्हणतात, ती फुटीच्या अलीकडेच होती. पण तीच गाळाने बरीच तुंबलेली आढळली. व्हॉल्व्ह आहे म्हणजे पाणी निघतंय असं नाही, मंडळी.

म्हणून सगळ्यात चांगला ड्रेन कोणता? ज्याची गरजच पडत नाही तो. कतारच्या रास लफानहून अबूधाबीच्या तविलाला येणारी डॉल्फिनची ३६४ किलोमीटरची समुद्राखालची वाहिनी २००७ साली सुरू झाली. समुद्राच्या तळाशी जाऊन रोज नळ कोण उघडणार? म्हणून वायू निघण्यापूर्वीच पलीकडे त्यातला द्रव काढून तो कोरडा करतात.

आपल्या अबूधाबीत आणखी एक वेगळी काळजी आहे. शाह क्षेत्रातून २०१५ साली उत्पादन सुरू झालं. तिथल्या वायूत सुमारे २३ टक्के हायड्रोजन सल्फाइड आहे. सडक्या अंड्याचा वास येतो तोच हा वायू. हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत शंभर भाग झालं की थोड्याच वेळात नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं, आणि माणूस पुढे पाऊल टाकतो. हा वायू कंडेन्सेटमध्येही विरघळलेला असतो. अशा ठिकाणी ड्रेन उघड्यावर सोडतच नाहीत. बंद पाइपमधून बंद टाकीत नेतात. शीळ ऐकून व्हॉल्व्ह बंद करायची माझ्या पिढीची विद्या तिथे चालत नाही, आणि चालू नये.

घरच्यांसाठी दोन शब्द. एसीच्या नळीला वळण देऊन त्यात थोडं पाणी अडवलेलं असतं. त्या पाण्याच्या बुचामुळे पंखा नळीतून हवा ओढत नाही. ते वळण शेवाळाने भरलं की पाणी छतावर उतरतं. दरवर्षी एप्रिलपूर्वी साफ करून घ्या. आणि कोणी घरी रंगकामासाठी किंवा टायरसाठी छोटा कॉम्प्रेसर ठेवला असेल तर काम झाल्यावर दाब उतरवून टाकीच्या बुडाचा स्क्रू उघडा आणि पाणी काढा. टाकी आतून गंजते, बाहेरून रंग छान दिसतो, आणि एक दिवस ती फुटते.

तरुण इंजिनिअर मुलामुलींना एवढंच सांगेन. ड्रॉइंग तपासताना सगळ्यात खालच्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या व्हॉल्व्हवर बोट ठेवा आणि विचारा: हा अडकला तर उघडा राहील की बंद? तुंबला तर सोडवायला जाणारा माणूस कुठे उभा राहील? त्याला पळायला वाट आहे का? उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: एसीचं पाणी झाडांना घातलं तर चालेल का? कॉम्प्रेसरचंही चालेल?
उत्तर: एसीचं पाणी हवेतूनच आलेलं असतं, क्षार फार कमी. कॉइल स्वच्छ असेल तर कुंड्यांना घाला, पिऊ मात्र नका. कॉम्प्रेसरच्या पाण्यात बहुतेक वेळा तेल असतं. ते झाडांनाही नको आणि गटारातही नको, आधी तेल वेगळं करावं लागतं.

प्रश्न: आमचं छोटं वर्कशॉप आहे. टायमर घ्यावा की सेन्सरवाला? किमतीत बराच फरक आहे.
उत्तर: हवा असेल आणि कॉम्प्रेसर दिवसभर चालत असेल तर सेन्सरवाला वाचलेल्या विजेतून पैसे परत देतो. दिवसातून दोन तासच चालत असेल तर टायमर पुरे, फक्त मे आणि नोव्हेंबरमध्ये वेळ बदलण्याची नोंद कॅलेंडरवर करा. दोन्हीच्या आधी जाळी बसवा आणि बाजूने एक हाताचा व्हॉल्व्ह ठेवा. आठवड्यातून एकदा तो उघडून बघा. पाणी भसाभसा आलं तर समजा की मुख्य व्हॉल्व्ह काम करत नाही.

प्रश्न: मुलगी मेकॅनिकल करतेय. या जुन्यापान्या विषयात तिला करण्यासारखं काही उरलंय का?
उत्तर: पुष्कळ! २०२३ च्या डिसेंबरमध्ये दुबईत हवामान परिषद झाली, तेव्हा ॲडनॉकसह पन्नासएक तेल कंपन्यांनी २०३० पर्यंत मिथेनची गळती जवळजवळ शून्यावर आणायचं कबूल केलं. वीस वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट तापवतो. 'थोडासा' उघडा राहिलेला प्रत्येक ड्रेन शोधावा लागणार आहे. कोणी आवाजावरून शोधतंय, कोणी कॅमेऱ्याने. पाणी आणि हायड्रोकार्बन दोन्ही ओळखणारा, कचरा सोसणारा आणि बिघडल्यावर ओरडून सांगणारा स्वस्त व्हॉल्व्ह तिने बनवला तर मला जरूर कळवा. पहिली ऑर्डर मिळवून द्यायची खटपट मी करतो.

सगळ्यांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. बाहेर चहा आणि चकल्या तयार आहेत असं कळतंय, तेव्हा आणखी दाब न वाढवता थांबतो.